वाफेचं यंत्र, फुल चार्ज

स्टाफरूममध्ये किस्से जमवायला काही करावं लागत नाही. खुर्चीत बसून राहायचं आणि चहा संपवायची घाई करायची नाही, एवढंच. मंठ्याचं आमचं कॉलेज तसं लहान, पण किस्स्यांची आवक बाजार समितीपेक्षा जास्त. मी मराठी शिकवते. त्यामुळे निमंत्रणपत्रिका, श्रद्धांजली, मानपत्र आणि प्राचार्यांचं भाषण ही सगळी कामं न सांगता माझ्या टेबलावर येतात. गेल्या वर्षी त्यात एक नवं काम आलं. एका वस्तूला चांगलंसं नाव द्यायचं होतं.

* * *

सुरुवात परीक्षेच्या हॉलमध्ये झाली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा विशाल पेन तोंडात धरून विचार करत बसला होता. पेनं चावणारी पोरं आमच्याकडे खूप, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग लक्षात आलं, हा पेन चावत नाहीये, ओढतोय. थोड्या वेळानं हॉलमध्ये पिकल्या आंब्याचा वास सुटला. भर थंडीत.

तेवढ्यात प्राचार्य भुतेकर सर राउंडला आले. दारातच थांबून त्यांनी नाक वर केलं. "कुणाच्या डब्यात आमरस हाये?"

मी विशालच्या हातातली वस्तू काढून घेतली. चकचकीत नळी, एका टोकाला बारीक दिवा. कॉपीमुक्त अभियान जोरात होतं, त्यामुळे सगळ्यांच्या मनात एकच शंका. आमचे हेडक्लार्क खरात भाऊ ती उलटीपालटी करून म्हणाले, "ब्लूटूथ हाये, सर. बाहेरून कुणीतरी उत्तरं सांगून राह्यलंय."

खेळ शिकवणाऱ्या शेख सरांनी ती कानाला लावली. बराच वेळ ऐकलं. "हॅलो," ते म्हणाले. मग आमच्याकडे बघून, "रेंज न्हाई वाटतं."

शेवटी विशालच म्हणाला, "सर, ते ओढायचं असतंय. नुसती वाफ निघती."

भुतेकर सरांच्या जिवात जीव आला. "म्हंजे कॉपी न्हाई ना? काय राव, घाबरवलं तुम्ही."

* * *

त्या संध्याकाळी सरांच्या केबिनमध्ये मीटिंग बसली. मी मोबाईलवर शोधून ठेवलं होतं. सरकारनं या वस्तूवर बंदी घातलेली आहे आणि बंदी घालताना तिला नाव दिलंय 'इलेक्ट्रॉनिक सिगारेट'. मी ते वाचून दाखवलं.

भुतेकर सरांनी कान झाकायचेच बाकी ठेवले. गेटवर नुकतीच 'तंबाखूमुक्त महाविद्यालय' अशी पाटी रंगवली होती, जिच्या आत तंबाखू चालत नाही अशी पिवळी रेघ बाहेर रस्त्यावर मारली होती आणि ते सगळं बघायला जालन्याहून समिती येणार होती. "सिगारेट हा शब्द या बिल्डिंगमधी नको," ते म्हणाले. "एकदा का कागदावर आला, का पाटी गेली."

खरात भाऊंनी तोडगा काढला. "नावात शब्द दोन हायेत, सर. पहिला ठिवू, दुसरा सोडू."

अशा रीतीनं ती 'इलेक्ट्रॉनिक वस्तू' झाली.

"आणि मराठीत?" सरांनी माझ्याकडे बघितलं. मी चेष्टेनं म्हटलं, "बाष्पश्वसनयंत्र." सरांनी डोळे मिटून घेतले. "वा, मॅडम. काय वजन हाये नावाला. याच्यावर कोण कारवाई करंल?"

"सर, सिगारेट है वो," शेख सर कोपऱ्यातून म्हणाले.

"शेख सर, तुम्ही तर बोलूच नका," भुतेकर सर म्हणाले. हे मात्र खरं होतं. शेख सर दर सुट्टीत पिवळ्या रेघेपलीकडे जाऊन दोन झुरके मारून यायचे.

* * *

आता वस्तू इलेक्ट्रॉनिक, म्हणजे तिला मोबाईलचा नियम. वर्गात सापडलेला मोबाईल खरात भाऊंच्या कपाटात जातो आणि शनिवारी पालकांच्या हातात परत. खरात भाऊंची त्यात स्वतःची एक पद्धत आहे. बंद पडलेला मोबाईल दिला की पालक म्हणतात कॉलेजनं बिघडवला, म्हणून ते प्रत्येक मोबाईल चार्ज करूनच देतात. नियम तो नियम, म्हणून त्यांनी विशालची नळीही चार्ज केली.

शनिवारी विशालची आई, सुमनबाई, आल्या. बाजारात भाजी विकतात. नवरा गेल्यापासून घर आणि विशाल दोन्ही त्यांच्यावरच. विशाल पोलीस भरतीची तयारी करत होता आणि शेख सरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, "पोरगं सोळाशे मीटर हरणावानी पळतंय, ताई. वर्दी पक्की समजा." त्या वर्दीवर त्यांचा सगळा हिशेब उभा होता.

"फुल चार्ज करून दिलंय," खरात भाऊ म्हणाले.

सुमनबाईंनी नळी पदरात घेतली. "कशाचं हाये हे, सर?"

भुतेकर सरांनी मी दिलेलं नाव पूर्ण उच्चारलं, 'बाष्पश्वसनयंत्र'. मग सुमनबाईंना कळावं म्हणून सोपं करून सांगितलं, "वाफेचं यंत्र हाये. श्वासाचं."

"पळून आल्यावर दम लागतो त्याला. त्याच्यासाठी का?"

"तसंच काहीसं," सर म्हणाले.

"रोज चार्ज करावं लागतंय?"

"लागतंय ना. मोबाईलवानीच," खरात भाऊ म्हणाले.

त्या हात जोडून गेल्या. जाताना म्हणाल्या, "लई ध्यान ठिवता पोरांवर." मला तेव्हाच उठून त्यांच्यामागं जायला हवं होतं, पण पुढचा तास होता.

* * *

पिवळ्या रेघेचा किस्सा शेख सर स्वतःच सांगतात. दुपारच्या सुट्टीत ते रेघेपलीकडे सिगारेट ओढत उभे होते. अलीकडे, म्हणजे कॉलेजच्या बाजूला, कॉमर्सचा एक पोरगा तोंडातून पुदिन्याचे ढग सोडत होता.

"ए, इकडं ये," शेख सर ओरडले.

"न्हाई येत, सर. तिकडं सिगारेट चालती. मी पीत न्हाई."

"मंग हे काय करून राह्यला?"

"वाफ हाये, सर. रेघ तंबाखूची हाये."

शेख सरांना त्याची कॉलर धरायची होती. पण हातात पेटलेली सिगारेट घेऊन रेघ ओलांडावी, तर नियम तेच मोडणार. आणि अर्धी सिगारेट टाकवत नव्हती. ते तिकडून बोलत राहिले, पोरगा इकडून ऐकत राहिला आणि बेल झाल्यावर आधी पोरगा वर्गात गेला.

* * *

हे मिळतं कुठं, हे बघायला मी आणि शेख सर स्टँडजवळच्या एका दुकानात गेलो. मोबाईलची कव्हरं, चार्जर, देवांचे स्टिकर. मी सरळ विचारलं, "दादा, इलेक्ट्रॉनिक सिगारेट आहे का?"

दुकानदाराला फार लागलं ते. "मॅडम, बाई माणूस असून काय विचारून राह्यल्या? बंदी हाये त्याच्यावर. आपल्या दुकानात असला धंदा बिलकुल चालत न्हाई."

मी ओशाळून बाहेर पडले. शेख सर मागं रेंगाळले आणि म्हणाले, "भाई, फ्लेवर आहे का?"

"आंबा देऊ का पुदिना?"

* * *

समिती आली तेव्हा कॉलेज लखलखीत होतं. पोरांना रांगेत उभं केलं होतं. शपथ द्यायला विशालला पुढे उभं केलं, कारण त्याचा आवाज मोठा. "मी तंबाखू खाणार नाही," त्यानं सुरू केलं, "मी सिगारेट ओढणार नाही," आणि मध्येच थांबून खोकला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला. शेख सरांनी माझ्याकडे बघितलं. हा पोरगा आठवड्यापूर्वीपर्यंत मैदानाला फेऱ्या मारता मारता गप्पा मारायचा.

समितीच्या अध्यक्षांचं मात्र लक्ष दुसरीकडेच होतं. ते वर्गावर्गात फिरले, संडासात डोकावले, जिन्याखाली वाकून बघितलं. शेवटी भुतेकर सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, पुष्कळ कॉलेजं बघितली. जिन्याखाली नेहमी बिडीचा वास येतो. तुमच्याइथं फळाफुलांचा येतोय."

आम्हाला पैकीच्या पैकी मिळाले. प्रमाणपत्र केबिनमध्ये लावलंय, बाजूला उदबत्तीचं घर आहे.

* * *

त्यानंतर विशालचा दम आणखी कमी होत गेला. तिसऱ्या फेरीला पाय जड पडायचे. शेवटच्या फेरीत तर तो पोटाला हात लावून चालायला लागायचा. शेख सरांनी त्याला एका पहाटे मैदानाच्या कठड्यावर बसवलं. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा चेष्टेचा नव्हता.

"बेटा, ते काय हाये?"

"वाफेचं यंत्र, सर."

"माझ्या तोंडाकडं बघून सांग."

विशालनं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "सिगारेट हाये, सर. सोडायची म्हटलं तरी सुटून न्हाई राह्यली. तुमची सुटती का?"

शेख सरांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. "मी आजपासून सोडतो. तू पण सोड. जो पहिल्यांदा ओढंल त्यानं समोरच्याला सांगायचं."

त्या दिवसापासून शेख सर सुट्टीत स्टाफरूममध्ये बसू लागले. शेंगदाणे खायचे, विनाकारण चिडायचे, माझ्या लाल पेनाचं टोपण चावून टाकायचे. पण रेघेपलीकडे गेले नाहीत. विशालनंही नळी घरी ठेवून दिली ती ठेवूनच दिली. हळूहळू तिसरी फेरी जमली, मग शेवटचीही. शेख सर म्हणायचे, "पूर्वीसारखा न्हाई, पण बसतोय टायमात. काठावर हाये. त्या दिवशी डोकं शांत राह्यलं तर निघतोय."

* * *

भरतीच्या दिवशी आम्ही सकाळीच जालन्याला गेलो. शेख सर विशालसाठी, मी शेख सरांनी ओढून नेलं म्हणून, आणि भुतेकर सर फोटोसाठी. पोरगा लागला तर गेटवर त्याचा फ्लेक्स लावायचा त्यांचा विचार होता. मैदानाला जाळीचं कुंपण होतं. आत विशाल छातीवर नंबर लावून पाय झटकत उभा होता. चांगला दिसत होता. बाहेर नातेवाइकांची गर्दी आणि गेटवर एक पोलीस.

तेवढ्यात सुमनबाई धापा टाकत आल्या. पहाटेची पहिली एस.टी. पकडून आल्या होत्या. हातात स्वच्छ रुमालाची पुरचुंडी.

"बाबा, एवढं आत देता का?" त्या पोलिसाला म्हणाल्या. "त्या तिसऱ्या रांगेतल्या पोराला. विशाल नाव हाये."

"काय हाये ते, मावशी?"

त्यांनी रुमाल उघडला. "यंत्र हाये. श्वासाचं. कामाच्या वक्ताला इसरून आलं पोरगं. अलीकडं हातच लावीना त्याला. मीच रोज रातच्याला चार्ज करून उशाशी ठिवते, तसंच पडून ऱ्हातंय."

पोलीस भला माणूस होता. नळी हातात घेऊन काळजीनं म्हणाला, "दमा हाये का पोराला? मंग आत डॉक्टरला सांगावं लागंल, मावशी. दम्याचा माणूस भरतीत चालत न्हाई."

सुमनबाईंचा चेहरा उतरला. "मला काय कळतंय, बाबा. कॉलेजनं दिलंय. हे काय, मोठे सर इथंच हायेत. त्यान्ला इचारा."

पोलिसानं भुतेकर सरांकडे बघितलं. सरांनी शर्टची बटणं चाचपली. "ती एक इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे."

"ते दिसून राह्यलंय, सर. करती काय?"

"मॅडम सांगतील. नाव त्यांनीच दिलंय."

मी पर्सचा बंद सारखा करत राहिले. पण सुमनबाईंना ते नाव पाठ होतं. त्यांनी ते स्पष्ट, एकही अक्षर न चुकता म्हणून दाखवलं. पोलिसाला त्यातलं श्वसन तेवढं कळलं. "म्हंजे दम्याचंच," तो म्हणाला आणि त्यानं आतल्या साहेबाला हाक मारायला तोंड वळवलं.

"ओ दादा," शेख सर पुढे झाले. "माझं हाये ते."

"तुमचं?"

"माझं. सिगारेट हाये. इलेक्ट्रॉनिक सिगारेट. बंदी हाये तिच्यावर, घ्या जमा करून. पोराला काही झालेलं न्हाई, त्याला पळू द्या."

पोलिसानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "मास्तर ना तुम्ही?"

"खेळाचा," शेख सर म्हणाले.

आत शिट्टी वाजली. पोरं निघाली. विशाल कुंपणाच्या बाजूनं, आमच्या अगदी समोरून पळत गेला. भुतेकर सर प्रमाणपत्र मिळालेल्या माणसासारखे दूर कुठेतरी बघत होते. सुमनबाईंनी मात्र पोराकडे बघितलंच नाही. त्या पोलिसाच्या हातातल्या नळीकडे बघत होत्या. तिचा बारीक दिवा अजून लागलेला होता.

"सर," त्या शेख सरांना म्हणाल्या, "मंग मी रोज रातच्याला चार्जिंगला काय लावत होते?"