टोक धर

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या घरी दूध तापवत होतो. पलीकडून तिचा भाऊ बोलत होता. मी गॅस बंद केला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे एक वाक्य लिहायला दीड महिना गेला... रडू नंतर आलं. आधी आलं ते हे, की आता तिला काही सांगावं लागणार नाही.

तरुणपणी आम्ही दोघं एका प्रयोगशाळेत एकाच टेबलावर काम करायचो. ती दहिसरच्या चाळीतली, मूळची मालवणकडची, वडील गिरणीतले. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. पेशीतली बरीचशी प्रथिनं एकेकटी काम करत नाहीत, दोन-चार मिळून एक जुडगं बनवतात आणि मगच कामाला लागतात, हे आम्हाला शिकवलेलं होतं. ती भेटतात कशी? आमचे सर म्हणायचे, प्रत्येक प्रथिन आधी पुरं तयार होतं, मग फिरता फिरता जोडीदाराला धडकतं. शैलाला ते पटायचं नाही. "पेशीत एवढी गर्दी, त्यात कोण कुणाला शोधत बसणार?" म्हणायची. "आमच्या गॅलरीत उंच दांडीवर साड्या वाळतात. आई काठीनं एकेक खाली सोडते आणि मला ओरडते, टोक धर! सगळी खाली येईपर्यंत थांबलं तर साडी लादीवर पडते, तिचा बोळा होतो. प्रथिनाची साखळीही अशीच एका टोकाकडून बाहेर येते ना रे? मग अर्धी बाहेर असतानाच कुणीतरी टोक धरत असणार. नाहीतर पेशीत नुसते बोळे दिसले असते."

"बाई, पेशीत चाळ आणू नका," सर म्हणाले. पण प्रयोग करू दिला. बनत असलेलं एक प्रथिन बारीक मण्यांना चिकटवून बाहेर काढायचं आणि जोडीदार त्याला धरून येतो का ते पाहायचं. मधे ते मणी मिठाच्या पाण्यानं धुवायचे, म्हणजे उगाच चिकटलेलं निघून जातं. धुण्यात माझं नाव होतं. मण्यांवर काय उरलं ते शेवटी एक्स-रेसारख्या फिल्मवर रेघांनी उमटायचं. माझ्या फिल्मवर कधी नको तो डाग नसायचा, सर माझ्या फिल्म पाहुण्यांना दाखवायचे. तोच प्रयोग आम्ही दोघांनी वेगवेगळा केला. शैलाच्या फिल्मवर जोडीदाराची फिकट रेघ आली. माझ्या फिल्मवर काहीच नाही.

"कुणाचं खरं धरायचं?" सरांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"सर, शैलाला भांडी घासता येतात, मणी धुता येत नाहीत," मी म्हणालो. सगळे हसले. तीही हसली, जरा उशिरानं. सरांनी माझं खरं धरलं.

पुढच्या आठवड्यात मिठाच्या पाण्याची बाटली भरताना माझा हात थांबला. स्वच्छ फिल्मच्या हौसेपायी मी मीठ ठरलेल्यापेक्षा फार जास्त घालत आलो होतो. इतक्या खारट पाण्यात अर्धवट प्रथिनाची नाजूक पकड टिकणार कशी? रविवारी एकटाच गेलो, ठरलेल्या मिठानं धुतलं. रेघ आली. शैलाच्या फिल्मवर होती तशीच, त्याच जागी. ती फिल्म मी कचऱ्यात टाकली... घरी येऊन नीट जेवलोसुद्धा.

शैलानं काम सोडलं आणि बोरिवलीच्या एका कॉलेजात शिकवू लागली. मी संशोधनात राहिलो, मोठा झालो. बऱ्याच वर्षांनी परदेशातल्या संशोधकांनी दाखवलं, की अनेक प्रथिनं खरोखरच बनता बनता एकमेकांना धरतात. मी ते वाचलं त्याच संध्याकाळी तिचा फोन. "अरे, धरतात! टोक धरतात! आईला सांगितलं तर म्हणते, मग काय करतील?" केवढी खूश होती. मी म्हणालो, "झकास गं." आणि फोन ठेवला.

शेवटचं भेटलो तेव्हा ती फार बारीक झाली होती. उशीला टेकून म्हणाली, "कल्पना बरोबर निघाली, नाही रे? पण माझा हात खराबच होता. तुला रेघ दिसली नाही, म्हणजे माझी ती नशिबानं आलेली." एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "जुनं काय काढतेस? आराम कर." तिनं मान डोलावली. तसंच मानून ती गेली.

परवा दहिसरला गेलो. शैलाची आई गॅलरीत काठी घेऊन उभी होती. लेकीची कॉलेजात नेसायची निळी साडी ती अजून धुते, वाळत घालते. मी चपलाही काढल्या नव्हत्या.

"आई, शैलाचा हात चांगला होता. तिचा प्रयोग बरोबर होता. मला तेव्हाच कळलं होतं... मी लपवलं."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तिचो हात चांगलोच होतो. माका काय सांगतंस? तिका सांगूक होया होतां."

मग काठी उचलली आणि साडी दांडीवरून सरकू लागली. "बघत काय रवलंस? टोक धर."

मी धरलं. उरलेली साडी हळूहळू खाली आली, लादीला लागली नाही. आम्ही ती ताणली, दुमडली, समोरासमोर आलो. तिनं माझ्या हातातलं टोक काढून घेतलं आणि घडी घेऊन आत गेली. मी हात तसेच पुढे धरून गॅलरीत उभा राहिलो.