पऱ्ह्यांची तिसरी खेप

माझी ड्यूटी नाल्याच्या रपट्यावर लागली. आदेश सकाळी सहाला आला. करडीहून पुढं जाणाऱ्या रस्त्यावर हा नाला आहे. तेव्हा त्यावर पूल नव्हता, सिमेंटचा ठेंगणा रपटा होता. पाऊस लागून राहिला की पाणी त्याच्यावरून वाहायचं. सातला हजर व्हायचं, दोरी बांधायची आणि पाणी वर आलं की कोणाला उतरू द्यायचं नाही. काम इतकंच.

मी होमगार्ड होते. सरहद्द पाहिलेली नाही, बंदूक फक्त शिबिरात धरली. गावातली माणसं आम्हाला काठीवाली पलटन म्हणत. पण बावीस वर्षं खाकी घातली. मी चौथी शिकलेली. भरतीच्या वेळी तेवढं चालत होतं. मला चारचौघांत बोलता येत नाही. रविवारी मोहाडीला परेड असायची. नंबर मोजताना माझा आकडा शेजारच्या बाईलाही ऐकू जायचा नाही. मग सेक्शन लीडर सुमनताई मागून म्हणायची, "साहेब, कांता बोलली. मी ऐकलं."

सुमनताई माझ्याच गावची. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नवरा तुमसरला राईस मिलमध्ये, घरी म्हातारी सासू. पहिल्या परेडला मला बुटाची नाडी तिनं बांधून दिली. रपट्यावर त्या दिवशी आम्ही दोघीच होतो.

पुढचं समजायला आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, एकट्यानं होत नाही. आज माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, दहा बाया उतरतात, उद्या आम्ही सगळ्या दुसरीच्या बांधीत. धानाच्या रोपांना आम्ही पऱ्हे म्हणतो. ज्याचे पऱ्हे उरतात तो ज्याचे कमी पडले त्याला देतो. पऱ्हे विकत नाहीत. विकले तर पुढच्या वर्षी उगवत नाहीत, असं जुनी माणसं सांगतात. आणि ते कोणी तोंडानं मागतही नाही. ज्याला लागतात तो दुसऱ्याच्या बांधावर येऊन उभा राहतो आणि पाहतो. तेवढ्यानं मालक समजतो. म्हणतो, "ने."

लाजाळू माणसाला ही रीत बरी. मला फार बरी होती.

त्या वर्षी माझे पऱ्हे पाणी तुंबून सडले. बांधी चिखल करून तयार, पण लावायला काही नाही. ती पडीत राहिली असती तर वर्षभराचं खाणं गेलं असतं. नाल्यापलीकडच्या गावचे बळीराममामा आहेत. नात्याचे नाहीत, वयानं मामा. मी त्यांच्या बांधावर जाऊन उभी राहिले होते. त्यांनी निरोप दिला की गुरुवारी पऱ्हे उपटून आणतो. उपटलेले पऱ्हे थांबत नाहीत. एक दिवस, फार तर दोन. मग पेंढी आतून तापते.

माझी ड्यूटी लागली तो गुरुवार होता.

सात वाजता हजर झालो. सुमनताईनं या काठच्या बाभळीपासून त्या काठच्या खांबापर्यंत दोरी बांधली. गाठ स्वतः मारली. नऊ चाळीसला पाणी रपट्यावर आलं. तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"मोहाडी कंट्रोल, रपटा पोस्ट. पाणी वर आलं. ओव्हर."

"किती?"

"घोट्याच्या वर. वाढून राहिलं."

"कोणालाच सोडू नका. ओव्हर."

"रॉजर."

एक मोटरसायकलवाला अडून बसला. "बाई, मले एवढंच पल्याड जाचं आहे."

"पोहत जातं का उडत?" सुमनताई म्हणाली. "उडत जात असशील तं जा. त्याची मनाई नाही आली."

तो हसला आणि गाडी वळवून गेला.

अकराच्या सुमारास बळीराममामा पलीकडच्या काठावर आले. त्यांनी पेंढ्या पहाटेच उपटल्या होत्या. पाणी एवढं चढेल असं त्यांना वाटलं नव्हतं. कावडीनं दोन फेऱ्या करून त्यांनी सगळ्या पेंढ्या काठावर रचल्या. ओरडून काहीतरी म्हणाले. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. त्यांनी पेंढ्यांकडं बोट केलं, मग माझ्याकडं. बाराला ऊन पडलं. मामा ओंजळीनं पेंढ्यांवर पाणी मारू लागले.

दोन वाजता पाणी उतरून घोट्याखाली आलं. मी पेंढ्यांकडं पाहत होते.

"कायले पाहून राहिलीस?" सुमनताईनं विचारलं.

"काही नाही, ताई."

"तुहे पऱ्हे आहेत ना ते?"

मी मान हलवली.

"मंग बोल ना. तोंड नाही का तुले?"

"आदेश आहे ना, ताई."

"आदेश लोकायसाठी आहे. मी काय लोक आहे का?"

तिनं वॉकीटॉकी आणि शिटी माझ्या हातात दिली. बूट काढून बाभळीखाली ठेवले. मी नको म्हटलं नाही. आदेश आहे म्हटलं, पण नको म्हटलं नाही. हा फरक मला माहीत आहे.

पहिली खेप दोन पंचविसला या काठावर आली. दुसरी दोन बेचाळीसला. पेंढ्यांतून चिखल गळून तिचा शर्ट काळा झाला होता. "पाहय," ती म्हणाली, "तुह्या बांधीतून औंदा खाकी धान निघते." मी हसले. मोठ्यानं हसले, असं मला आठवतं. ती तिसऱ्या खेपेला गेली.

दोन सत्तावन्नला कंट्रोल बोलला.

"रपटा पोस्ट. वरची बोडी फुटली. रपटा रिकामा करा. ताबडतोब. ओव्हर."

बोडी म्हणजे लहान तलाव. तिचं पाणी नाल्यातच येतं. सुमनताई रपट्याच्या मध्यावर होती. डोक्यावर पेंढ्यांचा भारा, एक हात भाऱ्यावर, एक हात दोरीला. मी हाक मारली. माझा आवाज माझ्याच कानाला आला नाही. मी शिटी वाजवली. तिनं वर पाहिलं.

पाणी गुडघ्याला आलं. मग मांडीला.

"टाका! ताई, टाका!"

भारा टाकला असता तर दोन्ही हात दोरीला आले असते. तिनं टाकला नाही. तिला ऐकू गेलं की नाही, मला ठाऊक नाही. ऐकू गेलं असतं तरी टाकला असता का, तेही ठाऊक नाही. कोणी दिलेले पऱ्हे पाण्यात टाकायचे नसतात. हे आम्हाला कोणी शिकवत नाही. हातालाच माहीत असतं.

दोरी तुटली नाही. गाठही सुटली नाही. दोरी तिथंच होती आणि ती नव्हती.

मी वॉकीटॉकीवर सांगितलं, "सेक्शन लीडर वाहून गेली."

"आवाज येत नाही. परत सांगा. ओव्हर."

मी परत सांगितलं.

"मोठ्यानं सांगा, रपटा पोस्ट."

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती दोन किलोमीटर खाली सिंदीच्या झुडपांत सापडली. मला मोहाडीला जबाबाला बोलावलं. प्लाटून कमांडर साहेब चांगले होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, "त्या स्वतः उतरल्या की कोणी सांगितलं?"

"स्वतः उतरल्या," मी म्हटलं.

ते खरं होतं. मी काही सांगितलं नव्हतं. फक्त पाहिलं होतं. आमच्या गावात पाहण्याचा अर्थ काय होतो हे साहेबांना माहीत नव्हतं. ते बाहेरचे होते. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. त्या कागदात नाही ते इथं लिहिते आहे.

संध्याकाळी घरी आले तर बांधी लावलेली. गावातल्या बायांनी न बोलावता दोन खेपांचे पऱ्हे लावून टाकले होते. सुमनताईला शेवटचं पोहोचवून आल्या आणि तशाच चिखलात उतरल्या. एक कोपरा रिकामा राहिला. तिसरी खेप असती तर तो भरला असता.

धान चांगलं पिकलं. मला त्याचा भात गिळवेना. नवा तांदूळ निघाला तेव्हा मी टोपली भरून सुमनताईच्या सासूकडं गेले. तिला आम्ही माय म्हणतो. ती अंगणात बसली होती. टोपलीकडं पाहून म्हणाली, "हे फेडाले आणलंस का?"

"नाही, माय."

"मंग ठेव. फेडाले आणलं असतं तं घेतलं नसतं. फेडलं की बोलणं सरते, मंग तू कायले येशील माह्या घरी?"

तिनं तांदूळ आत ओतला आणि टोपलीत मूठभर लाखोरीची डाळ घालून परत दिली. भांडं रिकामं परत करत नाहीत. ती असेपर्यंत मी दर वर्षी जात राहिले. आता सुमनताईच्या नवऱ्याच्या हाती टोपली देते. तो डाळ विसरतो, मग सायकलवरून मागं येऊन देऊन जातो.

खाकी जमा करून मला तीन वर्षं झाली. शिटी आणि बिल्लाही जमा केला. त्या रिकाम्या कोपऱ्यात मी दर वर्षी जास्तीचे पऱ्हे टाकते, माझ्यासाठी नाही. गाव त्याला सुमनताईचा कोपरा म्हणतो.

यंदा पलीकडच्या गावची एक नवी सून बांधावर येऊन उभी राहिली. पदर तोंडाला, बोलेना. नुसती पाहत होती. मी हातातलं काम ठेवलं.

"पाहू नको," मी म्हटलं. "काय पाहिजे ते तोंडानं सांग."

माझा आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या बांधीतल्या बाया उभ्या राहिल्या. एक जण म्हणाली, "अगं माय! कांताबाई ओरडून राहिली!"

पोरगी घाबरली. मग म्हणाली, "पऱ्हे पाहिजेत, काकू."

"ने. पण नाल्याला पाणी असंल तं आज नको. इथंच राहू दे. मी पाणी मारत बसीन."

पूल झाला आहे, पाणी आता वर येत नाही, हे तिनं मला सांगितलं. मला माहीत आहे. मी तरी तिच्याबरोबर पुलापर्यंत गेले आणि ती पलीकडं उतरेपर्यंत उभी राहिले.

परेडला ड्यूटीवर मेलेल्यांची नावं वाचतात. मला वाचायला कोणी बोलावणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. सेक्शन लीडर सुमन. ड्यूटी, नाल्याचा रपटा. पहिली खेप दोन पंचवीस. दुसरी दोन बेचाळीस. तिसरी अजून वाटेत आहे.