टीव्हीच्या खोक्यातलं गाव

धरणात बुडालेलं गाव परत वर काढणारा माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात एकच झाला, आणि तो माझा सख्खा मामा. पुढाऱ्यांना, मोर्चेवाल्यांना जे जमलं नाही ते मामांनी केकच्या डब्यांच्या झाकणांवर करून दाखवलं. ते गाव टीव्हीच्या खोक्यात मावत होतं, ही गोष्ट वेगळी.

त्याआधीचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, म्हणूनच सांगते. नव्वदीत पाणी चढत गेलं तसं माझं आजोळ चुलीभांड्यांसकट वर सरकत गेलं आणि पत्र्याच्या शेडांत येऊन थांबलं. भातखाचरं गेली, हिरड्याची झाडं गेली. मामा-मामी जुन्नरला आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आले. आई लोकांच्या रानात कांदे काढायला जायची, मामा एका बेकरीत भट्टीवर लागले. त्याच दोन खोल्यांच्या गोंगाटात मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मला कुणी विचारत नाही, तरी मी सांगते.

मामांना गाव बुडाल्याचं मान्यच नव्हतं. कुणी "पावणं, कुठलं तुमी?" असं विचारलं की ते पत्ता सांगायचे, "घोडेगाव सोडलं की सरळ, मग डाव्या हाताला."

"मामा, तिथं आता पाणी आहे."

"मग? पान्यात डावा हात नसतो व्हय?"

अशा माणसापुढे एके दिवशी केकच्या डब्याचं पारदर्शक झाकण भट्टीच्या तोंडाशी पडलं. त्यावर मार्करने कुणाचं तरी नाव लिहिलेलं होतं. झाकण पापडासारखं वळलं, तडफडलं आणि आपोआप सपाट होऊन पडलं. तळहाताएवढं होतं ते अंगठ्याएवढं झालं, जाड आणि टणक. नाव मात्र जसंच्या तसं, इवलंसं, आधीपेक्षा ठळक. मामांनी ते उचललं, बोट भाजून घेतलं आणि म्हणाले, "गाव आसंच करायचं."

तेव्हापासून नानखटाईचे ट्रे बाहेर आले की मामांचा ट्रे आत जायचा. त्यात माणसं, बैल, देवळाचा कळस, पाणवठा, सगळं मार्करने रंगवून कात्रीने कापलेलं. बेकरीचे मालक चाचा सोशिक होते, पण त्यांनाही एकदा बोलावं लागलं. "मामा, गिऱ्हाईक इचारतंय, नानखटाईत रॉकेल घालता का?"

"त्याला म्हनावं, गाव शिजतंय."

झाकणात एक खोड होती. ते एका अंगाने जास्त आक्रसायचं. सगळ्यात आधी भाजली गेली मामी. झाकणावर उंच, सडपातळ काढलेली मामी भट्टीतून बुटकी आणि ऐसपैस होऊन निघाली. "म्या आशी दिसती?" मामीने विचारलं. "भट्टीनं ठरीवलं, म्या न्हाई," मामा म्हणाले. पुढे ते सगळ्यांना बांबूसारखे लांबोडके काढायला लागले, म्हणजे निघताना माणसात यायचे.

गाव ठेवायला खोकं हवं होतं. खारीची खोकी मऊ पडायची. मग मामांनी घरातल्या शटरच्या टीव्हीतलं सगळं काढून टाकलं. टीव्ही चालू होता. मामी आल्यागेल्याला सांगायची, "धरनातून म्या त्यो डोक्यावर घिऊन वर आणला व्हता, आन् ह्यांनी घरात बुडीवला!" पण आठवडे बाजाराच्या दिवशी मामा शटर सरकवायचे तेव्हा शेडांतून आलेली माणसं पुढे मांडी घालून बसायची आणि सगळ्यात पुढे मामी असायची.

गावात एक जागा मात्र रिकामी होती, नेमकी मामांच्या घराच्या शेजारी. ते घर मामांच्या चुलतभावाचं. दोन घरांमधल्या वीतभर बोळीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. बोळ पाण्याखाली गेली, तरी भांडण कोरडंच राहिलं. मामा त्या पडवीत वर्षानुवर्षं चढले नव्हते, त्यामुळे आता त्यांना ती काढता येईना. त्यांनी मार्कर ठेवून दिले. शटर बंद राहू लागलं.

"आरं, एका घरापायी गाव अर्धं ठिवतो का? बोलीव त्याला," आई म्हणाली.

"आक्का, त्याचं घर हाय. त्याला पायजेल तर त्यो यील."

आईने परस्पर निरोप धाडला. चुलतमामा आले ते खिशात मोजपट्टी घेऊन. खोक्यातल्या जागेला पट्टी लावूनच त्यांनी पाणी प्यायलं. मग पडवी, खांब, दाराचा निळा रंग एकेक करत सांगितलं. मामांनी काढलं. मामांच्या घराचं भाजण्याआधीचं माप शेजारी धरलं, तेव्हा कोऱ्या प्लास्टिकवर दोन्ही घरं सारखी भरली, मधली बोळ चाचांच्या आणि आईच्या समोर मोजून ठरली. दोघांनी एकमेकांच्या हातावर साखर ठेवली. मी बी.ए. झालेली तिथेच उभी होते. माझ्याही डोक्यात आलं नाही की तंटा भाजायच्या आधी मिटवून उपयोग नव्हता.

भट्टीतून चुलतमामांचं घर दाणाभर अरुंद निघालं; झाकण आडवं धरलं गेलं होतं.

"हितं बी खाल्लंस!" म्हणून त्यांनी टोपी घातली आणि एसटी स्टँडकडे निघून गेले.

मामा आठवडाभर झाकणं उलटसुलट फिरवून बघत होते. नवं घर रुंद काढावं, तर बोळ बुजत होती. शेवटी त्यांनी चुलतभावाचं घर रुंद काढलंच, आणि खोक्यातलं स्वतःचं घर उपटून नव्याने काढलं, झाकण मुद्दाम आडवं फिरवून. ट्रे आत सरकवताना चाचा म्हणाले, "मामा, ह्ये तुमचंच आक्रसंल."

"म्हाईत हाय मला. ढकला."

आईने चुलतमामांना पुन्हा आणलं. मामांनी शटर सरकवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. चुलतमामा खोक्यापुढे वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. पट्टी खिशातून निघाली नाही.

"तुजं घर लईच बारीक झालं रं," ते म्हणाले.

"दोगांस्नी किती लागतं?"

चुलतमामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चहा टाक गं, वयनी," ते म्हणाले.

आता दोघेही नाहीत. टीव्ही माझ्याकडे आहे. धूळ पुसायला मी शटर सरकवते, तेव्हा एक रुंद आणि एक बारीक अशी दोन घरं शेजारी दिसतात, मधे बोळ आहे, आणि ती दोघांनाही पुरते.

गाव पुरं झालं.