दोनशे एकाहत्तरावी

आमच्या गल्लीत दूध घालणारी तानूबाई साठीला आली आणि तिला लेझीम खेळायची होती, एवढीच गोष्ट. लहानपणी शाळेच्या मैदानात पोरी लेझीम खेळायच्या, तेव्हा ही डोक्यावर शेणाची बुट्टी घेऊन कुंपणाबाहेर उभी असायची. यंदा पंधरा ऑगस्टला बचत गटांच्या बायकांची लेझीम ठरली, तेव्हा तिनं सगळ्यात शेवटी, लाजत लाजत नाव दिलं.

ती आली आणि आकडा झाला दोनशे एकाहत्तर. झालं, शिकवणाऱ्या अण्णासो वस्तादांच्या कपाळाला आठ्या. त्यांना ओळी कशा एकसारख्या लागतात. दोनशे सत्तर असत्या तर अठराच्या पंधरा ओळी बसत होत्या. एक बाई वाढवावी तर लेझीम शिल्लक नव्हती. मी हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेली, म्हणून मला विचारलं. मी दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सगळ्यांनी भागून बघितलं. सतरा गुणिले सतरा तर दोनशे एकोणनव्वद, म्हणजे आपल्या आकड्याच्या पुढंच जातं, तेव्हा त्यापुढं बघायची गरजच नाही. म्हटलं, वस्ताद, ही मूळ संख्या आहे, डोकं आपटलंत तरी हिच्या सारख्या ओळी व्हायच्या नाहीत. ते म्हणाले, मग शेवटी आलेली कमी करा, तशीबी ती वळताना चुकतीय.

तानूबाई तिथंच उभी होती. उलट तीच मला समजवायला लागली.

"ऱ्हाऊ दे बाई. माझ्यापायी तुमचं गणित नको बिघडाय."

माझं टाळकंच सरकलं. गणित आमचं अडलंय, आणि शिक्षा हिला?

सकाळी तिच्या घरी गेले ती खरं तर समजूत काढायला. कट्ट्यावर दुधाच्या धुतलेल्या किटल्या पालथ्या घातल्या होत्या, एकमेकींना चिकटून. मधे एक, भोवती सहा. अगं बया! जन्मभर पोरांकडून घोकून घेतलं, तीनाच्या पुढची कुठलीही मूळ संख्या घ्या, एक काढा नाहीतर एक मिळवा, सहानं भाग जातोच. आणि मी ओळीच मोजत बसले होते. मधे एक, भोवती सहा, मग बारा, मग अठरा, असे नऊ फेरे, शेवटचा चोपन्नचा. बरोब्बर दोनशे एकाहत्तर. प्रत्येक मूळ संख्येला हे जमत नाही, हिला जमलं.

वस्तादांनी आधी नाक मुरडलं. मग मैदानावर चुन्याच्या फक्कीनं नऊ फेरे आखून बघितले. मधल्या ठिपक्यावर तानूबाईच, हे त्यांनीच सांगितलं. तिथं जागेवर खेळायचं, वळायची भानगड नाही.

पंधरा ऑगस्टला हलगी कडाडली आणि दोनशे सत्तर बायका तिच्याभोवती फिरल्या. मी रडले. लाज कसली त्यात.

दुसऱ्या दिवशी दूध घालताना तिनं विचारलं, पुढच्या साली आणखी एक बाई आली तर? म्हटलं, दोनशे बहात्तर, म्हणजे सतराच्या सोळा ओळी. मग मधली जागा गेली, तुला ओळीत उभं राहावं लागंल.

"ऱ्हाईन की," ती माप ओतत म्हणाली. "मधनं सगळ्यांचं बघून बघून वळायला शिकलोय मी."