सुंठवड्याचा वेगळा वाटा

परवा नातसुनेने खोकल्यासाठी सुंठ कुटली आणि त्या वासासरशी मी इंदूरच्या छत्रीबागेत जाऊन पोचले. इंदूर तेव्हा मध्यभारत राज्यात होतं. मी विशीतली, मिशनच्या शाळेत नवी बाई. येशूची गोष्ट घरोघर कशी सांगायची ते नुकतीच शिकत होते.

रामनवमीच्या दुपारी शेजारच्या काकूंकडे शुभवर्तमानाची पुस्तिका घेऊन गेले. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली आणि सुंठवड्याची पुडी माझ्यापुढे केली. मी हात मागे घेतला.

"काकू, आम्हां ख्रिस्ती लोकांना प्रसाद चालत नाही."

"मालूम आहे मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर रामापुढे ठेवायच्या आधीच तुझा वाटा वेगळा काढला. घे बेटा."

नैवेद्याआधी त्या घरात लेकरांनाही बोट लावू देत नसत!

पुडी तिथेच बसून संपवली. डोळ्यांत पाणी आलं ते सुंठीमुळे, असं मी काकूंना सांगितलं.

पुढे जन्मभर येशूची गोष्ट सांगत हिंडले. पण कुणाच्याही घरी बसल्यावर आधी विचारायची, "तुमच्याकडे काय चालत नाही?"