दौंडचा शिंपी

दौंड स्टेशनाजवळच्या आमच्या शिंप्याला रंग नीट ओळखू येत नाहीत. "ताई, ह्यो दोरा हिरवा हाय का तांबडा?" असं तो हसत गिऱ्हाइकालाच विचारतो. त्याला खरं तर रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं, पण डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला.

"लई रडलो तवा. मग म्हणलं, प्रभू, सपान तुझ्या हवाली. मला न्हाई, तुला दिसतंय."

परवा शेजारची मुलगी इंजिन चालवायच्या नोकरीला लागली. तिचा गणवेश यानंच शिवला. देताना त्यावर हात ठेवून त्यानं प्रार्थना केली. 'आमेन' म्हणताना त्याचा चेहरा फुललेला होता. "पोरी, शिट्टी जोरात वाजीव. दुकानात ऐकू आली पायजे!"

आता कुठल्याही गाडीची शिट्टी झाली की तो मशीन थांबवतो आणि म्हणतो, "आपलीच असंल."