काठीचे वळ

आमच्या मांजराला इंजेक्शन द्यायला प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. शेजारच्या टेबलावर टायगर नावाचा कुत्रा होता. सोनोग्राफीसाठी त्याच्या पोटावरचे केस काढले, तेव्हा पिवळ्या पडलेल्या कातडीवर काठीचे वळ दिसले.

"हे काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"उचलायला गेलं की चावतो. माजलाय म्हणून झोडपला," मालक म्हणाले. त्यांच्या मनगटाला पट्टी होती.

सोनोग्राफी करून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माज नाही, काका. पित्ताशय फुटायच्या बेतात आहे. उचलताना तेच दाबलं जातं. आत्ता ऑपरेशन केलं तर कदाचित वाचेल."

कुत्र्याचे दात दिसतात, दुखणे दिसत नाही. आणि माणूस जे दिसते त्यालाच उत्तर देतो.

ऑपरेशनच्या खोलीत न्यायला मालकांनी त्याला उचलले. टायगरने त्याच मनगटात दात रुतवले. या वेळी त्यांनी हात सोडवून घेतला नाही.